विसाव्याचा दिवस कोणाकोणाचा?



सप्टेंबरातल्या एका रविवारी मी धर्मशिक्षणाच्या वर्गाला नव्हते. माझ्या जागी आलेल्या टीचरनी मुलांना खरं ते सांगून टाकलं, की तुमच्या टीचर मिस्टरांबरोबर मालदीवला गेल्यात. मुलांकडून ते आयांकडे गेलं, आयांकडून महिला मंडळाकडे. परत आल्यावर चर्चच्या पायरीवरच पहिला प्रश्न आला, “काय टीचर, या वयात हनीमून?” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मिस्सा संपल्यावर एका वयस्क बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “एवढा खर्च करून गेलात होय गे? इकडे चर्चच्या छपराचं काम अडलंय.” ते मात्र लागलं.

म्हणून हे लिहिते आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, आम्ही दोघं गेलो यात काही चुकलं असं मला वाटत नाही. दुसरी, तिथे गेल्यावर माझी एक जुनी चूक मला दिसली, आणि ती चूक आमच्या बेळगावच्या दुकानात कित्येक वर्षं रोज माझ्या डोळ्यांसमोर होती.

आधी खर्चाचं सांगते, म्हणजे शंका नको. आमचं हार्डवेअर आणि सॅनिटरीचं दुकान आहे. पाइप आणि नळ बनवणाऱ्या कंपन्या डीलरांसाठी वर्षाची स्कीम काढतात. इतका माल उचलला की इतकं बक्षीस. यंदा बक्षीस होतं दोघांसाठी मालदीवच्या एका बेटावर चार रात्री. ह्यांनी आधी कंपनीच्या माणसाला विचारलं, “याच्या बदल्यात रोख मिळेल का?” तो नाही म्हणाला. लग्नाला वीस वर्षं झाली होतीच. मुलीला नणंदेकडे ठेवलं, राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूला गेलो आणि तिथून विमानाने माले.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मालदीव म्हणजे प्रवाळाची साधारण 1,190 बेटं, उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब पसरलेली. त्यातल्या जेमतेम दोनशे बेटांवर तिथले लोक राहतात. पहिलं रिसॉर्ट 1972 मध्ये निघालं, आणि पुढे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट अशी पद्धत पडली. गाव वेगळ्या बेटावर, पाहुणे वेगळ्या बेटावर. मालेहून आम्ही छोट्या सीप्लेनने गेलो. ती विमानं पाण्यावरून उडतात, पाण्यावरच उतरतात, आणि फक्त दिवसाउजेडीच चालतात. वैमानिक अनवाणी होता, हे पाहून ह्यांना फार मजा वाटली. खाली पाणी असं, की निळ्या रंगाला आपल्याकडे तितकी नावंच नाहीत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने जलाशय पाहिले आणि ते त्याला चांगले वाटले, हे मी मुलांना किती वर्षं शिकवते. त्या दिवशी खिडकीला नाक लावून ते मलाच पहिल्यांदा कळलं.

बेट एवढंसं, की चालत अर्ध्या तासात फेरी पूर्ण. जमिनीपासून उंची म्हणावी तर काहीच नाही. सगळ्या मालदीवमध्ये नैसर्गिक उंच जागा अडीच मीटरलाही पोहोचत नाही. प्यायचं पाणी समुद्राचं खारं पाणी गाळून केलेलं. मासळी आणि नारळ सोडले तर ताटातलं जवळजवळ सगळं बाहेरून जहाजाने किंवा विमानाने आलेलं. आमची खोली खांबांवर, पाण्यात. आणि एक गमतीची गोष्ट: त्या बेटाचं घड्याळ मालेच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे होतं. तिथली बरीच रिसॉर्ट असं करतात, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळतो. हे म्हणाले, “बघ, पैसेवाल्यांनी सूर्यसुद्धा थांबवून धरलाय.”

आता पहिल्या दोन दिवसांचं खरं सांगते. आम्हाला दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच कळत नव्हतं. हे दर तासाला दुकानात फोन करायचे. मी नाताळच्या नाटिकेची यादी करत बसले. जेवायला बसलो की समोरासमोर दोन फोन. आजूबाजूला नवी लग्नं झालेली जोडपी फोटो काढत होती, आणि आम्ही दोघं बसस्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या माणसांसारखे.

दुसऱ्या संध्याकाळी पाऊस आला. सप्टेंबर म्हणजे तिथेही पावसाळाच. वीज गेली नव्हती, पण नेट गेलं. फोन ठेवावे लागले. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, “आई गेली त्या रात्री तू प्रार्थना सांगत होतीस. सगळ्यांसाठी सांगितलीस. माझ्याजवळ येऊन बसली नाहीस.” माझ्या सासूबाई पाच वर्षं अंथरुणाला होत्या, गेल्या वर्षी गेल्या. मी त्यांचं सगळं केलं, हे सगळी पॅरिश सांगेल. शेवटच्या रात्री शेजारीपाजारी, नातेवाईक, फादर, सगळे जमले होते आणि रोझरी मीच सांगत होते. ते मला बरोबरच वाटत होतं. पण माझ्या नवऱ्याची आई गेली होती, आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, हे मला एक वर्ष आणि हजारभर किलोमीटर समुद्र ओलांडल्यावर कळलं. त्या रात्री हे रडले. वर्षभरात पहिल्यांदा.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं आहे. नवरा-बायकोने चार दिवस एकत्र, एकटं राहणं ही चैन नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित काम करून परत येतात. लोकांची ये-जा एवढी, की त्यांना जेवायलाही फुरसत नसते. तेव्हा प्रभू त्यांना आणखी एक काम सांगत नाही. होडीत बसून एकांत जागी चला आणि थोडा विसावा घ्या असं सांगतो. आपण चर्चमध्ये सेवा करणारी माणसं हा भाग वाचतो, वाचून दाखवतो आणि लगेच दुसऱ्या मीटिंगला पळतो. माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत, ज्या चर्चमध्ये सगळ्यांच्या आणि घरात कोणाच्याच नाहीत. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर नियमच आहे: नवं लग्न झालेल्या माणसाला वर्षभर लढाईला पाठवायचं नाही, कसलं काम लादायचं नाही, त्याने घरी राहून बायकोला सुखी करावं. लढाईपेक्षा एका घरातलं सुख देवाला महत्त्वाचं वाटलं. मालदीवलाच जायला हवं असं नाही. आंबोलीला जा, तिळारीला जा, नाहीतर मुलं मावशीकडे पाठवून घराचं दार लावून घ्या. पण जा.

इथवर लिहून थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण मार्काची गोष्ट होडीपाशी संपत नाही. होडी त्या एकांत जागी पोहोचते, तेव्हा किनाऱ्यावर माणसं आधीच येऊन थांबलेली असतात. आमच्याही किनाऱ्यावर एक माणूस होता.

आमची खोली आवरायला रोज एक तरुण यायचा. पस्तिशीचा असेल. नाव लिहीत नाही, त्याच्या नोकरीला त्रास नको. पहिल्या दिवशी त्याने टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते आणि पलंगावर फुलांच्या पाकळ्यांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या. मला लाजल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी दिव्याला अडकवलेली माझी रोझरी त्याने पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, “मॅडम, कॅथलिक?” तो श्रीलंकेचा, नेगोम्बोचा. नेगोम्बो म्हणजे समुद्रकाठचं गाव, पोर्तुगीज काळापासून कॅथलिक कोळ्यांचं. 2019 च्या ईस्टरला जिथे बाँबस्फोट झाला, ते सेंट सेबॅस्टियन चर्च त्याच्या घरापासून लांब नाही. घरची होडी होती. 2022 मध्ये श्रीलंकेत सगळंच कोसळलं, डिझेल-रॉकेल मिळेना, होड्या किनाऱ्याला लागल्या. तेव्हा तो इथे आला. बायको आणि आठ वर्षांची मुलगी तिकडे. अकरा महिने झाले होते भेटून.

मी धर्मशिक्षण शिकवते म्हटल्यावर त्याचा चेहराच उजळला. त्याची मुलगी पुढच्या महिन्यात पहिलं कम्युनियन घेणार होती. रात्री ड्यूटी संपली की तो फोनवरून तिच्या प्रार्थना म्हणून घ्यायचा. म्हणाला, “मॅडम, ती पापनिवेदनाला घाबरते. मी फोनवरून काय सांगू?” मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगते तेच सांगितलं: फादर रागावायला बसलेले नसतात, घरी आईने हात धुवायला बोलवावं तसंच ते आहे, आणि एखादी गोष्ट विसरली तर देव त्यासाठी परत पाठवत नाही. त्याने ते मनातल्या मनात दोनदा म्हटलं. मग मी विचारलं, “तू जाणार ना कम्युनियनला?” तो चादर ओढत म्हणाला, “माझी सुट्टी डिसेंबरात लागलीय, मॅडम. ती बदलत नाही.”

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी फोनवर त्या दिवसाची वाचनं वाचली आणि प्रार्थना केली. मालदीवमध्ये चर्च नाही, आणि इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माची जाहीर उपासना तिथे चालत नाही. याबद्दल काहींनी माझ्यापाशी नाराजी दाखवली, म्हणून जरा सांगते. तिथे 1153 पासून इस्लाम आहे. 1552 मध्ये तिथल्या एका राजाने कोचीनला बाप्तिस्मा घेतला, आणि 1558 मध्ये पोर्तुगिजांनी त्याच्या नावाने ती बेटं घेतली. 1573 मध्ये तिथल्या लोकांनी त्यांना हाकललं, आणि तो दिवस अजून तिथे राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. आपला धर्म त्यांच्या दारी तोफा घेऊन गेला होता. पाहुण्याने हे लक्षात ठेवावं आणि आपली प्रार्थना आपल्या खोलीत करावी. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला तर प्रभूनेच शिकवलं आहे.

थोड्या वेळाने तो आला. मी सहज म्हटलं, “आज रविवार.” तो म्हणाला, “मॅडम, इथे रविवार नसतो. ज्या दिवशी सुट्टी मिळते, तो माझा रविवार.” त्याने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. मग त्याने पलंग आवरला, नव्या पाकळ्या पसरल्या आणि पुढच्या खोलीकडे गेला. तिथेही एक जोडपं होतं. अशा किती खोल्या तो रोज करत असेल. रोज दुसऱ्यांची शेज सजवणारा तो माणूस अकरा महिने आपल्या बायकोजवळ बसलेला नव्हता.

त्या दिवशी फिरताना आम्ही चुकून झुडपांच्या कुंपणापलीकडे गेलो. तिकडे कामगारांची वस्ती होती. दोरीवर एकसारखे शर्ट वाळत होते, एक छोटी मशीद होती, व्हॉलीबॉलची जाळी होती. सावलीला चार-पाच जण बसलेले, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येक फोनमध्ये एक बाई किंवा एक मूल. बांगलादेशचे, नेपाळचे, आपल्या केरळचे, आणि तिथले मालदीवचेही. कारण तिथल्या माणसालाही रिसॉर्टच्या बेटावर काम करायचं तर आपलं गाव दुसऱ्या बेटावर सोडून यावं लागतं. म्हणूनच तिथल्या बायका रिसॉर्टमध्ये फारशा कामाला दिसत नाहीत. सगळं बेट नवरा-बायकोंनी एकत्र यावं म्हणून केलेलं, आणि ते चालवणारी सगळी माणसं आपापल्या बायकोपासून लांब.

मला वाटलं, यावर आपण एक कडक लेख लिहू. श्रीमंतांची चैन, गरिबांचा घाम वगैरे. रात्री ह्यांना तसं म्हटलंही. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं, आपल्या दुकानातला तोही महिन्यातनं एकदाच जातो की गावी.”

बंधुभगिनींनो, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या दुकानात एक माणूस आहे. नऊ वर्षं झाली. खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या गावचा. बायको-मुलं गावी, हा दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपतो. रविवारी आमचं दुकान दुपारी एकपर्यंत उघडं असायचं, कारण ज्यांची घरं बांधून होतात त्यांना रविवारीच सुट्टी असते आणि रविवारचा सकाळचा गल्ला आठवड्यात सगळ्यात मोठा. तेव्हा पद्धत अशी: सकाळी आठला आम्ही घरची सगळी मराठी मिस्साला, मग माझा वर्ग, आणि दुकान त्याच्यावर. म्हणजे मी मुलांना फळ्यावर लिहून तिसरी आज्ञा शिकवत होते, आणि ती शिकवायला मला वेळ मिळावा म्हणून एक माणूस त्याच वेळी काउंटरवर उभा होता.

ती आज्ञा आपण कॅथलिक तिसरी मोजतो, प्रोटेस्टंट बांधव चौथी. पवित्र शास्त्रात ती दोनदा आली आहे, आणि दोन्हीकडे कारण वेगळं दिलं आहे. निर्गमात कारण आहे निर्मितीचं: देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळं आहे. तिथे सांगितलंय, की तुझ्या घरातल्या नोकराला, दासीला आणि तुझ्या वेशीच्या आतल्या परक्यालाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा; कारण तूसुद्धा मिसर देशात गुलाम होतास, हे विसरू नकोस. बैल आणि गाढवसुद्धा त्या यादीत आहेत. मी वर्षानुवर्षं मुलांना पहिलं कारण शिकवलं. रविवारी मिस्सा चुकवू नका, असं शिकवलं. दुसरं कारण मी वाचून पुढे जात होते. विसाव्याचा दिवस हा मी देवाला द्यायचा दिवस एवढंच मला माहीत होतं. तो माझ्याकडे काम करणाऱ्याला द्यायचा दिवसही आहे, हे आज्ञेतच लिहिलेलं होतं. आणि त्या यादीत तो माणूस आपल्या धर्माचा असावा असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट परका मुद्दाम लिहिलाय.

हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये कामगारांविषयी जे परिपत्रक काढलं, त्यात रविवारची सुट्टी हा कामगाराचा हक्क म्हणून मांडली. शंभरावर वर्षं झाली. आपल्याकडे ते पुस्तकात राहिलं आणि रविवारचा गल्ला दुकानात राहिला.

कोणी म्हणेल, तो माणूस खूश आहे ना, त्याला पैसे मिळतात ना? खरं आहे. तो नेगोम्बोचा तरुणही त्या बेटावर काम मिळालं म्हणून देवाचे आभार मानत होता. अशा जागी जाऊच नका, असं मी म्हणणार नाही. 2020 च्या मार्चमध्ये मालदीवने सीमा बंद केल्या, जुलैपर्यंत पाहुणा आला नाही, तेव्हा सगळ्यात आधी पोट कापलं गेलं ते याच माणसांचं. कामाला नावं ठेवायची नाहीत. पण काम मिळालं म्हणजे विसाव्याचा हक्क गेला, असं देवाच्या हिशोबात नाही. मिसरातही काम भरपूर होतं.

परत आल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं, दुकान रविवारी बंद. ह्यांनी त्याला बोलावून सांगितलं. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने गावी जायचं, सोमवारी सकाळी यायचं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि विचारलं, “अण्णा, पगार किती कापणार?” नऊ वर्षांत आम्ही त्याला काय शिकवलं होतं, ते त्या एका प्रश्नात होतं. ह्यांनी सांगितलं, कापणार नाही.

दोन महिने झाले. गल्ला कमी झालाय, हे लपवत नाही. समोरच्या दुकानदाराने रविवारची वेळ वाढवली आहे, आणि आमची काही जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीचा विचार मनात येतो. हे अधूनमधून कुरकुरतात. आमचा माणूस सोमवारी हमखास उशिरा येतो, पहिली गाडी चुकली म्हणतो. देवाने आम्हाला याचं लगेच फळ दिलं, धंदा दुप्पट झाला, असं काही सांगायला माझ्याकडे नाही. एवढंच, की आता रविवारी मी वर्गात तिसरी आज्ञा फळ्यावर लिहिते तेव्हा हात अडत नाही.

आता आपल्या सगळ्यांसाठी, पॅरिशसाठी, माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली विनंती लांब राहणाऱ्या जोडप्यांसाठी. बेळगाव काय, गोवा काय, आपल्यातली किती माणसं बोटीवर आहेत, गल्फमध्ये आहेत. माझ्या वर्गात यंदा सात मुलांचे वडील बाहेर आहेत. ती मुलंही फोनवरच प्रार्थना म्हणून दाखवतात. असा माणूस महिना-दीड महिना रजेवर येतो, आणि आपण काय करतो? फेस्ताच्या कमिटीत त्याचं नाव घालतो. वर्गणीची पावती घेऊन जातो. नातेवाईक जेवायला बोलावतात, घराचं रंगकाम काढलं जातं, बघता बघता रजा संपते. नवरा-बायको एकमेकांना भेटतात ते विमानतळावर जाताना. संत पौल करिंथकरांना लिहितो, की पती-पत्नीने वेगळं राहायचं तर दोघांच्या संमतीने, थोडे दिवस, तेही प्रार्थनेसाठी. पोटासाठी ज्यांना अकरा महिने वेगळं राहावं लागतं, त्यांचा बारावा महिना तरी आपण खाऊ नये. रजेवर आलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस चर्चचं कुठलंच काम सांगायचं नाही, एवढं आपण ठरवू शकतो.

दुसरी विनंती आपल्या घरांसाठी. रविवारी आपण मिस्साहून येतो, तेव्हा भांडी घासायला बाई आलेली असते. चर्चचा घंटा वाजवणारा, फादरांच्या घरी स्वयंपाक करणारी, मिस्सेच्या वेळी गाड्या लावून देणारा पहारेकरी, यांचा विसाव्याचा दिवस कोणता? रविवार जमत नसेल तर दुसरा वार ठरवा, पण ठरवा. विचारून बघा, बऱ्याच जणांना आजवर कोणी विचारलेलंच नसतं.

तिसरी विनंती बाहेर फिरायला जाणाऱ्यांसाठी. जरूर जा, आणि जाल तिथे तुमचा पलंग आवरणाऱ्याला त्याचं नाव विचारा. त्याच्या घरी कोण आहे ते विचारा. काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या. आणि रात्री झोपताना आपल्या लग्नासाठी प्रार्थना करता, तेव्हा त्याच्याही लग्नासाठी एक वाक्य म्हणा.

निघायच्या दिवशी मी त्याला माझी रोझरी देणार होते. मग वाटलं, इथे त्याला अडचण नको. त्याच्या मुलीसाठी कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून दिल्या, पापनिवेदनाला कसं जायचं त्याच्या. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला. ऑक्टोबरात त्याने ह्यांच्या फोनवर एक फोटो पाठवला. पांढरा झगा, डोक्यावर व्हेल, हातात मेणबत्ती, शेजारी आई. खाली लिहिलं होतं, की ती घाबरली नाही. वर्गात मी तो फोटो दाखवला. ज्या सात मुलांचे वडील बाहेर आहेत, ती तो बराच वेळ बघत होती.

आणि छपराचं. त्या वयस्क बाईंना मी घरी जाऊन भेटले. पत्र्यांचे स्क्रू आणि पाइप आमच्या दुकानातून खरेदीच्या भावाने येतील, हे ह्यांनी कबूल केलंय. फक्त रविवारी मागू नका.

प्रभू येशू, तू आपल्या थकलेल्या शिष्यांना एकांत जागी नेलंस. आमच्या घरातल्या नवरा-बायकोंना एकमेकांसाठी वेळ दे. जे पोटासाठी आपल्या माणसांपासून लांब आहेत, त्यांच्या रात्री सांभाळ आणि त्यांची रजा लवकर येऊ दे. ज्यांच्या कष्टावर आमचा विसावा उभा आहे, त्यांचा विसावा आमच्याकडे अडकून पडला असेल, तर तो आजच्या आज सोडायला आम्हाला बळ दे. आमेन.